पेल्यातले पाणी आणि पुराव्याची कसोटी

रमजान जवळ आला की अमरावतीच्या इतवाऱ्यात आणि अकोल्याच्या ताजनापेठेत खजूर, शेवया, सुका मेवा यांची दुकाने सजू लागतात. त्याच दिवसांत अनेक घरांत आणखी एक चर्चा सुरू होते. अब्बांना शुगर आहे, यंदा रोजे जमतील का? गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या? या चर्चेत डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर एक घरगुती सल्लाही हमखास येतो. बिजाच्या लाकडाचा पेला आणा, रात्री त्यात पाणी भरून ठेवा आणि सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, ते पाणी पिऊन टाका. शुगर आपोआप उतरेल.

हा सल्ला एका मोहल्ल्यापुरता नाही. शेजारच्या गल्लीतल्या आजोबांच्या देवघराजवळही तोच पेला ठेवलेला असतो. फरक इतकाच, की ते पाणी सहरीला न पिता सकाळच्या चहाआधी पितात. जत्रेत आणि उरुसात हे पेले विकणाऱ्याकडे सर्व धर्मांचे गिऱ्हाईक सारख्याच आशेने थांबते. त्याचे कारणही उघड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ज्याच्या घरी हा आजार नाही, असा माणूस आता शोधावा लागतो.

मग या पेल्यात तथ्य आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते उत्तर शोधण्यासाठी काय काय करावे लागते, हे समजून घेतले तर फक्त या पेल्याबद्दलच नव्हे, तर मेथी, कारले, जांभूळ अशा प्रत्येक ‘रामबाण’ उपायाबद्दल निर्णय घेणे सोपे जाते.

मेळघाटातले झाड

बिजा म्हणजे बिवला. आयुर्वेदात त्याला विजयसार किंवा बीजक म्हणतात आणि प्रमेहावरच्या औषधांत त्याचे नाव फार जुने आहे. मेळघाटच्या सागाच्या जंगलात हे उंच, पानझडी झाड आढळते. त्याच्या सालीला खाच मारली की रक्तासारखा लाल चीक वाहतो. औषधासाठी लागतो तो खोडाच्या आतला गाभा. त्याचा तुकडा पाण्यात ठेवला की पाणी पिवळसर तपकिरी होते आणि उन्हात धरले तर त्यात निळसर झाक दिसते. ती झाक पाहून पिणाऱ्याचा विश्वास आणखी वाढतो. पण रंग बदलला म्हणजे पाण्यात काहीतरी उतरले, एवढेच सिद्ध होते. जे उतरले ते औषध आहे का, किती आहे, आणि ते शरीरात गेल्यावर काय करते, हे तीन प्रश्न तसेच उभे राहतात.

अशा प्रश्नांचा अभ्यास करण्याची सोय वऱ्हाडात आहे. २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिथे औषधी वनस्पती जोपासल्या जातात. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिसरात वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये ‘अमुक वनस्पतीच्या अर्काचा मधुमेहावरील परिणाम’ हा प्रबंधाचा एक आवडता विषय असतो. हे काम नेमके कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे.

पानापासून अर्कापर्यंत

पहिली पायरी ओळखीची. आणलेली वनस्पती तीच आहे, हे वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते आणि तिचा वाळवलेला नमुना नोंद क्रमांकासह जपून ठेवावा लागतो. हे किरकोळ वाटते, पण किरकोळ नाही. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन करणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेलेच नाही, असा त्याचा मुद्दा होता. कोण बरोबर होते, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागते. कुंपणावरून तोडलेल्या वेलीची ओळख नुसत्या डोळ्यांनी पटत नाही.

त्यानंतर वनस्पती सावलीत वाळवतात आणि जाडसर भरडतात. ती पूड एका काचेच्या उपकरणात ठेवून तिच्यातून गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवतात. चहाच्या गाळणीतून तेच पाणी वीस वेळा ओतावे, तसा हा प्रकार. द्रावक बदलला की अर्कही बदलतो. पाण्यात जे उतरते ते अल्कोहोलमध्ये उतरेलच असे नाही. म्हणून एकाच झाडाचे तीन-चार वेगवेगळे अर्क काढून प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेतली जाते. शिवाय डोंगरउतारावरचे झाड आणि काळ्या मातीतले झाड, पावसाळ्यातले पान आणि उन्हाळ्यातले पान, यांतील रसायनांचे प्रमाण सारखे नसते. गोळी प्रत्येक वेळी ५०० मिलिग्रॅमचीच असते, पण झाडाला वजनमाप ठाऊक नसते. अर्क प्रमाणित करणे म्हणजे दर खेपेला त्यात ठराविक घटक ठराविक प्रमाणात असतील, याची खात्री करणे.

मग काचेच्या नळीतली चाचणी. पिठूळ अन्नाचे साखरेत रूपांतर करणारी विकरे आपल्या लाळेत आणि आतड्यात असतात. अर्क त्या विकरांना अडवतो का, हे पाहतात. अनेक वनस्पती या परीक्षेत पास होतात. पण काचेच्या नळीत पास झालेला अर्क पोटातल्या आम्लातून, यकृतातून आणि रक्तातून जाऊन टिकेल, याची हमी नसते.

त्यापुढची पायरी उंदरांची. स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा ॲलोक्सान ही रसायने देऊन उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात आणि त्यांना मधुमेह घडवून आणतात. मग त्यांचे गट पाडतात. एका गटाला काहीच नाही, एकाला नेहमीची गोळी, बाकीच्यांना अर्काचे वेगवेगळे डोस. ठरावीक दिवसांनी साखर मोजतात. यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी लागते. कारण न पडताळलेल्या कुतूहलासाठी जीव घेणे हे विज्ञानालाही मान्य नाही.

उंदीर बरा झाला, पुढे?

वर्तमानपत्रांतल्या अनेक बातम्या याच पायरीवर थांबतात. ‘मधुमेहावर वनौषधी सापडली’ असे मथळे वाचताना हे लक्षात ठेवावे. बिजाचीच गोष्ट घ्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय संशोधकांनी या झाडातील एपिकॅटेचिन या द्रव्याबद्दल एक खळबळजनक निष्कर्ष मांडला. या द्रव्यामुळे मधुमेही उंदरांच्या स्वादुपिंडातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा तयार होतात, असे ते म्हणत होते. ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात त्याची दखल घेतली गेली. हे खरे ठरते तर मधुमेहावर उपचारच नव्हे, तर तो मुळापासून बरा करण्याची वाट उघडली असती. पण परदेशातील इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसे फळ मिळाले नाही. काही वर्षांतच तो दावा मागे पडला.

यात कोणाची नाचक्की नाही. विज्ञान असेच पुढे जाते. एकाला दिसलेले दुसऱ्यालाही दिसले पाहिजे. त्याच झाडाच्या दुसऱ्या घटकांवर अभ्यास सुरू राहिला. १९९७ मध्ये टेरोस्टिल्बिनसारख्या घटकांनी उंदरांची साखर उतरते, असे आढळले.

मग माणसांची पाळी आली. १९९८ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यास गटाने नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ रुग्णांवर विजयसारची चाचणी घेतल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. चाचणी ४ केंद्रांवर झाली. डोस गरजेप्रमाणे दिवसाला २ ते ४ ग्रॅम असा वाढवला गेला. १२ आठवड्यांत ६७ रुग्णांची, म्हणजे ६९ टक्के लोकांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर आटोक्यात आली. दुष्परिणाम आढळले नाहीत. ही आनंदाचीच बातमी होती. पण त्याच अहवालातला दुसरा आकडाही वाचायला हवा. गेल्या काही आठवड्यांची सरासरी सांगणारी रक्तचाचणी ९.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आली, म्हणजे फरक फार थोडा पडला.

शिवाय ही चाचणी ‘खुली’ होती. रुग्णालाही आणि डॉक्टरलाही काय दिले जात आहे हे माहीत होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मधुमेह आहे असे नुकतेच कळलेला माणूस घाबरून गोड सोडतो, फिरायला लागतो. त्यामुळेही साखर उतरते. मग श्रेय झाडाचे किती आणि पथ्याचे किती? हे वेगळे करण्यासाठी पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विजयसारची तुलना टॉल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी केली गेली. कोणाला काय दिले, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही लपवले होते. दोन्ही गटांतल्या बहुसंख्य रुग्णांची साखर आटोक्यात आली.

म्हणजे विजयसारमध्ये काही तथ्य आहे, असे मानायला आधार मिळतो. पण हा आधार कोणत्या गोष्टीचा आहे, ते नीट पाहिले पाहिजे. चाचणी मोजूनमापून दिलेल्या औषधाची होती, लाकडी पेल्याची नव्हती. पेल्यातून पहिल्या आठवड्यात किती उतरते आणि सहाव्या महिन्यात किती, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. रुग्ण नवे होते, १५ वर्षे मधुमेह असलेले आणि इन्सुलिन घेणारे नव्हते. आणि मधुमेहात खरी भीती असते ती डोळे, मूत्रपिंड, पाय आणि हृदयाची. त्यांचे रक्षण होते का, हे १२ आठवड्यांत दिसत नाही. त्यासाठी वर्षे लागतात.

हकिमांची कसोटी

‘आमच्या बुजुर्गांनी शेकडो वर्षे वापरले, त्याला तुमच्या चाचण्यांची काय गरज?’ असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बुजुर्गांकडेच आहे. युनानी वैद्यकाचा पाया ज्यांच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथावर उभा आहे, ते इब्न सीना सन ९८० मध्ये जन्मले आणि १०३७ मध्ये, रमजान महिन्यातच वारले. औषध ‘तजरबा’ करून, म्हणजे अनुभवाने पारखायचे असेल तर काय काय पाळावे, याच्या सात अटी त्यांनी त्या ग्रंथात दिल्या आहेत. औषध शुद्ध असावे, त्यात बाहेरचे काही मिसळलेले नसावे. ते एकच आजार असलेल्या रुग्णावर पारखावे, अनेक आजारांची गुंतागुंत असलेल्यावर नव्हे. परिणाम किती वेळाने दिसतो ते पाहावे. परिणाम पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे, एकदा दिसणे हा योगायोग असू शकतो. आणि शेवटची कसोटी माणसावरच व्हावी, कारण घोड्यावर किंवा सिंहावर जे लागू पडते ते माणसावर पडेलच असे नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या या अटी आजच्या चाचण्यांच्या नियमावलीशेजारी ठेवल्या तर फार अंतर जाणवत नाही. परंपरेचा मान राखणे म्हणजे तिच्या दाव्यांना पारख नाकारणे नव्हे. जे हकीम स्वतः पारख मागत होते, त्यांच्या नावावर न पारखलेले चूर्ण विकणे हाच त्यांचा अपमान आहे.

मेथी, कारले आणि जांभूळ

याच कसोटीवर स्वयंपाकघरातले इतर उपाय पाहिले तर प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० च्या दशकात मेथीदाण्यांवर माणसांमध्ये अभ्यास केले आणि साखर उतरल्याचे नोंदवले. मेथीतला चिकट तंतू अन्नातली साखर हळूहळू रक्तात सोडतो, हे त्याचे एक कारण. कारल्याबद्दल २०१२ मध्ये ‘कोक्रेन’ या संस्थेने जगभरातल्या चाचण्यांचा आढावा घेतला. निकषांत बसणाऱ्या ४ चाचण्या आणि ४७९ रुग्ण मिळाले आणि निष्कर्ष निघाला, की पुरावा अपुरा आहे. जांभळाच्या पानांचा चहा ब्राझीलमध्ये मधुमेहासाठी लोकप्रिय आहे. तिथल्याच संशोधकांनी रुग्णांवर चाचणी केली आणि काहीच फायदा दिसला नाही. आपल्याकडे जांभळाच्या बियांचे चूर्ण वापरतात, पानांचे नाही. पण पानांचा निकाल पाहिल्यावर बियांनाही परीक्षेतून सूट देता येणार नाही.

‘झाडपाला की गोळी’ असे भांडण लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मधुमेहाची सर्वांत जास्त लिहून दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन ही वनस्पतीचीच नात आहे. युरोपात गालेगा नावाचे जांभळ्या फुलांचे झुडूप मधुमेहासारख्या लक्षणांवर वापरत. त्यातले द्रव्य साखर उतरवत होते, पण विषारी होते. त्या द्रव्याशी नाते असलेले, पण सुरक्षित असे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचा त्याचा उपयोग १९५७ मध्ये मांडला. आणि दीर्घकाळात रुग्णांना त्याचा खरोखर फायदा होतो, हे ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवून दिले. झुडपापासून भरवशापर्यंत पोचायला इतका काळ लागला. भारतातही २०१५ पासून वनस्पतींच्या प्रमाणित अर्काला औषध म्हणून मान्यता देण्याचा वेगळा नियम आहे. वाट आहे, पण ती चालावी लागते.

धोका कुठे आहे?

मेथीची भाजी खाण्यात किंवा कारले आवडीने खाण्यात कोणाचे काही बिघडत नाही. धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, गोळी चालू ठेवून वर अर्क घेण्यात. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका रुग्णेची नोंद आली होती. ती मधुमेहाची गोळी घेत होती आणि जेवणात कारल्याची भाजी होती. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन तिची साखर अपेक्षेपेक्षा जास्त उतरली. दुसरा धोका भेसळीचा. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० लोक साखर अचानक कोसळल्याने रुग्णालयात आले आणि त्यांतले ४ दगावले. तपासात शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘नैसर्गिक’ औषधांत मधुमेहाची गोळी मिसळलेली आढळली. एखादे चूर्ण चार दिवसांत जादूसारखे गुण देत असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात भारतात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही भिंतींवर आणि मोबाईलवर त्या रोज दिसतात.

रमजानमध्ये हे दोन्ही धोके वाढतात. तेरा-चौदा तास पोट रिकामे असते. २००१ मध्ये १३ देशांतील १२,२४३ मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते आणि त्यांच्यात साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झाले होते. अशा वेळी सहरीला गोळीवर पेल्याचे पाणी किंवा चूर्ण घेणे म्हणजे न मोजलेला जादा डोस घेणे. आणि उलट, दुपारची गोळी घेता येत नाही म्हणून ती सोडून नुसत्या पेल्यावर महिना काढणे, म्हणजे इफ्तारच्या गोडधोडानंतर साखरेला मोकळे रान देणे.

याला मार्ग आहे. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. कोणत्या गोळीची वेळ बदलायची, कोणत्या गोळीचा डोस कमी करायचा, हे तेच सांगू शकतात. घरी घेत असलेले चूर्ण, काढा, पेला, सगळे त्यांना न लाजता सांगावे. रोज्यात बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आजारी माणसाला रोज्यातून सूट कुरआननेच दिली आहे. ज्याला पुढेही रोजे जमण्याची आशा नाही, त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा, फिदियाचा मार्ग आहे. ही सूट घेणे म्हणजे इमानात कमी पडणे नव्हे.

झाडाचाही हक्क

एक बाजू सहसा चर्चेत येत नाही. गाभ्याचे लाकूड हवे म्हणजे झाड तोडणे आले. बिजा आता जागतिक यादीत धोक्याच्या जवळ पोचलेल्या झाडांत गणला जातो. प्रत्येक मधुमेह्याने एकेक पेला घ्यायचा म्हटले तर १०.१ कोटी पेले लागतील आणि तेवढे बिजा कोणत्याच जंगलात नाहीत. त्यातला कामाचा घटक शोधून प्रयोगशाळेत बनवता आला, तर झाड वाचेल आणि रुग्णाला नेमका डोस मिळेल.

ज्ञानाचा हक्क हाही प्रश्न आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत जांभूळ, कारले, वांगे आणि गुडमार यांच्या मधुमेहावरील मिश्रणाला पेटंट मिळाले, तेव्हा भारतात संताप उसळला होता. त्याआधी १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने हळदीचे अमेरिकन पेटंट रद्द करवून घेतले होते. त्यासाठी सादर केलेल्या जुन्या संदर्भांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतलेही होते. वैद्यांच्या पोथ्या आणि हकिमांच्या किताबा तेव्हा एकाच बाजूने साक्षीला उभ्या राहिल्या.

तीच साक्ष आता पुढे न्यायची आहे. मेळघाटातल्या जाणत्यांना झाड माहीत आहे, वैद्य-हकिमांना त्याचा वापर माहीत आहे आणि अमरावती-अकोल्यातल्या विद्यार्थ्यांना अर्क काढता येतो. उणीव आहे ती उंदरांच्या पुढे जाण्याची, रुग्णालयांना सोबत घेऊन माणसांवर चोख चाचण्या करण्याची. तोवर कोणी कोणत्याही झाडाचे नाव घेऊन ‘गोळी बंद करा’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे चार गोष्टी विचाराव्यात. किती माणसांवर पाहिले, किती दिवस पाहिले, कशाशी तुलना केली, आणि त्यांच्या डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे पुढे काय झाले? उत्तर मिळेपर्यंत गोळी चालू राहू द्यावी.